पवन, तोळा आणि मूस: सोन्याच्या लहान नाण्यांचा चेन्नईतून आढावा

चेन्नईच्या सौकारपेठेत, मिंट स्ट्रीट आणि एनएससी बोस रोडच्या आतल्या गल्ल्यांत, गलाईच्या दुकानांतून खानापूर-आटपाडीकडची मराठी ऐकू येते. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. १९७२च्या दुष्काळाने त्यांतली आणखी कितीतरी तरणी पोरे घराबाहेर काढली आणि केरळपासून पंजाबपर्यंतच्या सराफ पेठांत नेऊन बसवली. घर विट्याला आणि भट्टी परमुलखात, असे हे आयुष्य. मोडीत आलेला दागिना, सराफाकडची कापणी, तुटकी साखळी, जुने नाणे, सगळे त्यांच्याकडे येते. सोन्यात तिप्पट चांदी मिसळून ते वितळवायचे, शोऱ्याच्या तेजाबात टाकायचे, चांदी-तांबे विरघळून गेले की तळाशी उरलेली तपकिरी भुकटी धुऊन घ्यायची आणि टाकणखार घालून पुन्हा मुशीत आटवायची. भुकटीची लगड होते, तिचा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, निघतो आणि त्या टंचावर पैसे मिळतात.

पंधरा-वीस वर्षांसाठी सोन्याचे लहान नाणे घ्यायचे तर कोणते घ्यावे, हा प्रश्न दुकानाच्या काचेपुढे उभे राहून सोडवू नये असे मला वाटते. तो या मुशीपाशी उभे राहून सोडवावा. काचेआड लक्ष्मी असते, कमळ असते, चकचकीत वेष्टन असते, सणाची सवलत असते. मुशीला त्यातले काही कळत नाही. तिला दोनच गोष्टी कळतात: वजन आणि टंच. आज नाण्याच्या किमतीत या दोहोंपलीकडचे जे काही आपण भरतो, त्यातला बहुतेक भाग विकताना परत येत नाही. नाण्याची निवड म्हणजे, माझ्या समजुतीने, हा परत न येणारा भाग कमीत कमी ठेवण्याचे काम आहे.

चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी माणसाचा पहिला गोंधळ होतो तो मापाचा. आपल्याकडे भाव तोळ्याचा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. पण आता बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम हेच सगळ्यांनी धरले आहे. चेन्नईत भाव निघतो तो एका ग्रॅमचा आणि एका पवनाचा. पवन म्हणजे आठ ग्रॅम, आणि तेही २२ कॅरेटचे. लग्नात किती पवन घातले, ताली (तमिळ मंगळसूत्र) किती पवनांची, भिशीत किती पवन जमले, सगळा हिशेब आठांच्या पाढ्यात. २४ कॅरेटचा भाव फलकावर वेगळा लिहिलेला असतो आणि घाईत पाहणाऱ्याची नजर नेमकी चुकीच्या ओळीवर जाते. मुंबईच्या वर्तमानपत्रातला दहा ग्रॅम चोख सोन्याचा भाव आणि चेन्नईच्या फलकावरचा पवनाचा भाव यांची तुलना करायची तर वजन आणि शुद्धता दोन्ही एका मापावर आणावी लागतात. त्याशिवाय केलेली ‘इथे स्वस्त, तिथे महाग’ ही चर्चा निरर्थक आहे.

हे आठ ग्रॅम आले ब्रिटिश सॉव्हरिनमधून. त्या नाण्याचे वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, आत चोख सोने ७.३२ ग्रॅम. आजच्या आठ ग्रॅमच्या २२ कॅरेट नाण्यात चोख सोने ७.३३ ग्रॅम भरते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या बाजारात हातोहात फिरलेले नाणे आणि आज टी. नगरच्या उस्मान रोडवर मिळणारे नाणे सोन्याच्या हिशेबाने जवळजवळ एकच. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, हे सॉव्हरिन आपल्या मुंबईतही पाडले गेले. रॉयल मिंटच्या मुंबई शाखेतून निघालेल्या त्या सुमारे १३ लाख नाण्यांवर इंडियाचा ‘आय’ हा बारीक ठसा आहे. पुढे २०१३पासून हरियाणातल्या एमएमटीसी-पँपने रॉयल मिंटच्या परवान्याने तोच ठसा घालून भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडले.

दक्षिणेला लहान सुवर्णनाण्यांची सवय त्याहून फार जुनी आहे. विजयनगरचे वराह साधारण ३.४ ग्रॅमचे, त्याच्याखाली गव्हाच्या दाण्याएवढी पणमे. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला पाडलेला ‘स्टार पॅगोडा’ याच घराण्यातला. बेचाळीस पणमांचा एक पॅगोडा आणि साडेतीन रुपयांना एक पॅगोडा, हा हिशेब मद्रासला १८१८पर्यंत चालला. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी होन पाडला तोही याच दक्षिणी परंपरेतला, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. मराठी घरातली पुतळ्यांची माळ आणि तमिळ घरातली कासुमाला या दोन्ही दागिन्यांत नाणीच ओवलेली असतात. नाणे गळ्यात घालायचे आणि अडचणीला एकेक पुतळी काढून मोडायची, ही बायकांनी शोधलेली व्यवस्था आजच्या कोणत्याही सल्लागाराच्या योजनेपेक्षा कमी शहाणपणाची नव्हती.

सरकारनेही या सवयीवर शिक्का मारला. तमिळनाडूत मूवलूर रामामिर्दम अम्मैयार यांच्या नावाची विवाह साहाय्य योजना होती. २०११पासून तीत शिकलेल्या गरीब मुलींना रोख रकमेबरोबर तालीसाठी चार ग्रॅमचे २२ कॅरेट नाणे मिळू लागले आणि २०१६ साली ते आठ ग्रॅमचे, म्हणजे पुऱ्या पवनाचे झाले. २०२२मध्ये तो पैसा मुलींच्या उच्च शिक्षणाकडे वळवून त्यांना दरमहा एक हजार रुपये देणे सुरू झाले. मला हा बदल योग्य वाटतो. पण योजनेने निवडलेले नाणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते २२ कॅरेटचे होते, कारण त्याची ताली घडायची होती. नाणे कशासाठी घ्यायचे हे आधी ठरले आणि कस त्यावरून ठरला. आपण बहुधा उलटे करतो.

घरात चोख सोने ठेवून बचत करण्याचे स्वातंत्र्य आपल्याला फार जुने नाही, हे तरुण वाचकांना ठाऊक नसते. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांच्या चुली विझल्या. १९६८च्या कायद्याने लगडी, चिपा, बिस्किटे असे सोने सामान्य माणसाने बाळगणे गुन्हा ठरवले. हा कायदा गेला १९९० साली, आणि तो काढणारे अर्थमंत्री होते मधू दंडवते. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने ३,२०० रुपयांच्या आसपास होते. मधल्या सत्तावीस वर्षांत ‘सोने म्हणजे दागिना’ ही सवय इतकी घट्ट झाली, की आजही अनेक घरांत गुंतवणूक म्हणून बांगड्या घेतल्या जातात आणि घडणावळीचे पैसे बुडतात. नियंत्रण पुढेही अधूनमधून परत आले. २०१३ साली चालू खात्यातली तूट वाढली तेव्हा आयात शुल्क एकाच वर्षात १० टक्क्यांवर नेले, नाण्यांची आयात थांबवली आणि बँकांचे नाणेविक्रीचे काउंटर ओस पडले. फेब्रुवारी २०१५मध्ये रिझर्व्ह बँकेने ती आयात पुन्हा खुली केली. जुलै २०२४मध्ये शुल्क १५वरून ६ टक्क्यांवर आले आणि भाव त्याच दिवशी खाली घसरला. आपल्या हातातल्या नाण्याच्या भावात जागतिक बाजार असतो, रुपया असतो आणि दिल्लीचा अर्थसंकल्पही असतो.

आता हिशेब. सोपे जावे म्हणून चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. एक ग्रॅमच्या नाण्यावर दुकानदाराने ५०० रुपये घडणावळ लावली. झाले १०,५००. त्यावर तीन टक्के जीएसटी ३१५. हातातून गेले १०,८१५. दुसऱ्याच दिवशी ते विकायला नेले आणि घेणाऱ्याने दोन टक्के कापले, तर हातात ९,८००. केवळ मुद्दल सुटायला भाव १०.४ टक्के वाढावा लागतो. तेच दहा ग्रॅमचे नाणे घेतले आणि घडणावळ दीड टक्का पडली, तर खर्च १,०४,५४५ आणि मुद्दल सुटायला वाढ लागते ६.७ टक्के. बारा टक्के घडणावळीच्या बांगडीला जीएसटी धरून १,१५,३६० मोजावे लागतात. घडणावळीचे हे आकडे उदाहरणाचे आहेत, दुकानागणिक ते बदलतात. पण त्यांचा कल सगळीकडे हाच. साच्याची, ठशाची, वेष्टनाची, तपासणीची मजुरी लहान नाण्याला आणि मोठ्या नाण्याला थोड्याफार फरकाने सारखीच, म्हणून जितके नाणे लहान तितकी तिची टक्केवारी मोठी. अर्ध्या ग्रॅमचे नाणे हे मुंजीत, बारशात द्यायला छान आहे. ती भेट आहे, गुंतवणूक नव्हे.

मुदतीचा परिणाम इथे मोठा होतो. १०.४ टक्क्यांचा हा खड्डा तीन वर्षांत भरायचा तर वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढ त्यातच जाते. पंधरा वर्षांत भरायचा तर वर्षाला पाऊण टक्काही लागत नाही. म्हणून लहान नाणे दोन-तीन वर्षांसाठी घेणाऱ्याला मी सरळ ‘घेऊ नका’ म्हणेन. पुढच्या वर्षी मुलाची फी भरायची आहे तो पैसा नाण्यात घालू नये.

मग आठ ग्रॅम की दहा, २२ कॅरेट की २४? माझे उत्तर राहत्या गावावर आणि पुढच्या कामावर अवलंबून आहे. चेन्नईत राहणाऱ्या आणि पुढे याच शहरात मुलीसाठी किंवा सुनेसाठी दागिने करणाऱ्या घराने २२ कॅरेटचे आठ ग्रॅमचे साधे नाणे घ्यावे. सराफाच्या फलकावर त्याचा भाव रोज लिहिलेला असतो, त्यामुळे दुकानदाराला आणि आपल्याला एकाच आकड्यावर बोलता येते. दागिना घडवायच्या दिवशी तेच सोने तसेच वापरता येते. तांब्याची भर असल्याने ते थोडे कठीण असते, हाताळून फारसे झिजत नाही. दागिने करायचेच नसतील, निवृत्तीसाठी, आजारपणासाठी, वाटणीसाठी सोने ठेवायचे असेल, तर २४ कॅरेटचे दहा ग्रॅमचे नाणे बरे. त्यात हिशेब सरळ राहतो, भारतभर कुठेही विकता येते, विट्यालाही आणि पुण्यालाही. महाराष्ट्रात पाडव्याला, गुरुपुष्यामृताला जे चोख सोन्याचे वेढणे घेतात त्याचाही हेतू हाच. वेढण्यावर मजुरी कमी असते आणि ओळखीच्या सराफाकडे ते सहज मोडता येते. पण अनोळखी गावात त्याच्यावर कुणाचा ठसा आहे हे पाहिले जाते, आणि तिथे नाणे वरचढ ठरते.

२४ कॅरेटचे नाणे देऊन २२ कॅरेटचा दागिना घेताना एका गोष्टीची विचारणा आधी करावी. दहा ग्रॅम चोख सोन्यात तांबे-चांदी मिसळून २२ कॅरेटचे १०.९ ग्रॅम सोने होते. काही ठिकाणी नाण्याचे दहा ग्रॅम दागिन्याच्या दहा ग्रॅमांत वळते करून घेतात आणि मधले पाऊण-एक ग्रॅम गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नाही. तमिळ सराफीतले दोन शब्द चेन्नईच्या प्रत्येक गृहिणीला येतात: सेय्कूलि म्हणजे मजुरी आणि सेदारम म्हणजे घट. दागिन्याच्या बिलात हे दोन्ही कसे लावले आहे ते पाहिल्याशिवाय कोणतीही अदलाबदल करू नये.

२४ कॅरेट म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांतही ९९५ आणि ९९९ असे दोन कस असतात. दहा ग्रॅममागे फरक चार शतांश ग्रॅमचा. तो मोठा नाही, पण बिलावर जे लिहिले आहे तेच नाण्यावर ठसलेले आहे ना, एवढे पाहावेच. ९९९चा हॉलमार्क बीआयएसने मान्यता दिलेल्या रिफायनरीलाच करता येतो, त्यामुळे रिफायनरीचे नाव आणि तपासणीपत्र असलेल्या सीलबंद नाण्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही. सील तोडले की मात्र तोच दुकानदार नाणे यंत्राखाली धरतो. क्ष-किरणांचे यंत्र वरचा थर वाचते, आतले खरे सांगते ती मूस किंवा आगीची कसोटी. सोन्याएवढ्याच घनतेचा टंगस्टन आत भरून वर सोने चढवण्याची लबाडी जगात होते, पण ती मोठ्या लगडीत परवडते. पाच-दहा ग्रॅमच्या पातळ नाण्यात ती करणाऱ्याला फारसे काही सुटत नाही. लहान नाण्याच्या बाजूने असलेला हा एक खरा मुद्दा.

कुणाकडून घ्यावे, याचे उत्तर मी ‘कोण परत घेतो’ यावरून देतो. बँका नाणी विकतात आणि परत घेत नाहीत. तिथले नाणे शेवटी सराफाकडेच न्यावे लागते. मग बँकेचा जास्तीचा भाव कशासाठी द्यायचा? मोठ्या पेढ्या आपले स्वतःचे नाणे दागिन्याच्या बदल्यात पूर्ण भावाने घेतात, रोख मागितले की कापतात किंवा नाही म्हणतात. हे घेतानाच लेखी विचारावे. शिवाय सराफाला एका दिवशी दहा हजारांहून जास्त रोख देणे करामुळे परवडत नाही, त्यामुळे विकल्याचे पैसे खात्यातच येतील हे धरून चालावे.

५ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘इंडियन गोल्ड कॉइन’ आले. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, ९९९चा कस, पाच आणि दहा ग्रॅमचे नाणे, वीस ग्रॅमची लगड, विक्री एमएमटीसीमार्फत आणि परत घेण्याची सोय. कल्पना उत्तम होती. देशाला स्वतःचे विश्वासाचे नाणे हवे होते, दक्षिण आफ्रिकेच्या १९६७च्या क्रुगरँडसारखे, कॅनडाच्या १९७९च्या मेपल लीफसारखे, अमेरिकेच्या १९८६च्या ईगलसारखे. पण ती नाणी त्या-त्या देशांत गल्लोगल्लीच्या दुकानात जशी मिळतात आणि खपतात तसे आपल्या नाण्याचे झाले नाही, याची मला खंत वाटते. पवनाच्या मुलखात आठ ग्रॅमचे राष्ट्रीय नाणे काढले असते तर ते टी. नगरमध्ये चालले असते, असे माझे मत आहे.

परदेशी नाण्यांविषयी थोडक्यात. लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सॉव्हरिन आणि ब्रिटानिया घेणे फायद्याचे, कारण ती तिथली चलनी नाणी असल्याने त्यांच्या नफ्यावर ब्रिटनमध्ये भांडवली कर नाही. तीच नाणी इथे आणून विकली तर चेन्नईचा सराफ त्यांच्याकडे २२ किंवा २४ कॅरेटचे इतके-इतके ग्रॅम म्हणूनच पाहतो. विमानतळावर परदेशातून परतणाऱ्याला सोन्याची जी सूट मिळते ती दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. राजा-राणीच्या डोक्याचे जुने पौंड (सॉव्हरिन) घरात वारशाने आले असतील तर ते मात्र मोडण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवावेत. १९१८चा मुंबईचा ठसा असेल तर सोन्याहून थोडे जास्त मिळू शकते. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातली नाणी पाहून आले की वजनापलीकडचे मोल कशाला असते तेही समजते. तिरुमलाला मिळणारे बालाजी-पद्मावतीचे सोन्याचे ‘डॉलर’ दोन, पाच, दहा ग्रॅमचे असतात आणि चेन्नईतली अनेक मराठी घरे दर्शनाहून येताना ते घेतात. ते श्रद्धेने घ्यावेत, देवघरात ठेवावेत आणि बचतीच्या वहीत लिहू नयेत. देवाची प्रतिमा मुशीत टाकायला हात धजत नाही, आणि जे मोडवत नाही ते अडचणीला उपयोगी पडत नाही.

चेन्नईत नाणे रोख घेणाऱ्यांहून हप्त्याने घेणारे जास्त. नगै चिट्टू, म्हणजे दरमहा हप्ता भरून वर्षाअखेरी सोने घेण्याची योजना, पेढीपेढीत असते. ती बहुधा अकरा महिन्यांचीच का, तर ३६५ दिवसांहून जास्त मुदतीची आगाऊ रक्कम कंपनी कायद्याने ठेव ठरते आणि ठेवी घ्यायला वेगळी परवानगी लागते. या योजनेत दरमहाच्या भावाने ग्रॅम जमा होतात की फक्त रुपये, हे पाहावे. बहुतेक योजनांतली सूट घडणावळीवर असते, म्हणून ती नाण्याला लागू नसते आणि गिऱ्हाइकाला शेवटी दागिनाच घ्यावा लागतो. आपले पैसे अकरा महिने पेढीच्या हाती बिनतारण असतात, आणि तमिळनाडूत पेढी बुडून हप्ते भरणाऱ्या बायका पोलिसांच्या दारात उभ्या राहिल्याचे प्रसंग घडले आहेत. बँकेत आवर्ती ठेव काढून वर्षाअखेरी दहा ग्रॅम घेणे मला जास्त सुरक्षित वाटते.

कागदी सोन्याशी तुलना टाळता येत नाही. इंडियन गोल्ड कॉइनच्याच दिवशी सार्वभौम सुवर्ण रोख्यांची योजना सुरू झाली. पहिल्या रोख्याचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये होता, आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, ६,१३२ रुपयांनी परतफेड झाली आणि वर व्याज मिळत राहिले. घडणावळ नाही, जीएसटी नाही, चोरीची भीती नाही. सामान्य माणसासाठी सोन्याची याहून चांगली योजना आपल्या देशात झाली नाही, आणि फेब्रुवारी २०२४नंतर सरकारने नवे रोखे काढले नाहीत याचे वाईट वाटते. सोन्याचे ईटीएफ २००७पासून आहेत. डीमॅट खाते आणि थोडा वार्षिक खर्च सोसणाऱ्याला ते नाण्यापेक्षा स्वस्त पडतात. मोबाइलवरच्या ‘डिजिटल गोल्ड’वर आपली देखरेख नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला आहे. तो गंभीरपणे घ्यावा.

मग नाणे घ्यायचेच कशाला? डीमॅट खाते नसलेल्या, बँकेचा आधार तुटक असलेल्या बाईच्या हाती स्वतःचे असे जे धन राहते ते नाणे. रात्री दवाखान्यात जावे लागले तर सकाळी एक नाणे मोडून बाकीची तशीच ठेवता येतात. पन्नास ग्रॅमची एकच लगड असती तर सगळी मोडावी लागली असती. तीन भावंडांत वाटणी करतानाही नाणी मोजून देता येतात. मोडायचे नसेल तर बँकेत तारण ठेवता येते, पण नाण्यांवर कर्ज मिळते ते माणशी पन्नास ग्रॅमपर्यंतच. दागिन्यांना त्याहून बरीच जास्त मुभा आहे.

परताव्याविषयी भाबडे राहू नये. १९९०ला ३,२०० असलेला भाव ऑक्टोबर २०२५मध्ये सव्वा लाखाच्या आसपास गेला, म्हणजे वर्षाला साधारण ११ टक्के. त्याच १९९०च्या जुलैत सेन्सेक्सने पहिल्यांदा एक हजाराचा आकडा ओलांडला होता, आणि २०२५मध्ये तो ८० हजारांच्या वर होता, लाभांश वेगळा. सोन्याच्या वाटेत लांबलांब सपाट माळही येतात. २०१२च्या अखेरीस दहा ग्रॅमला मोजलेले ३१ हजार २०१८मध्येही ३१ हजारांच्याच घरात होते. सहा वर्षे मुद्दल जागच्या जागी आणि वर घडणावळ-जीएसटीचा खड्डा. जगात तर त्याहून वाईट झाले. जानेवारी १९८०मध्ये औंसाला ८५० डॉलरने सोने घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडावे लागले. आपल्याला त्या काळात घसरत्या रुपयाने सावरले. घरच्या बचतीतला दहावा हिस्सा सोन्यात, त्याहून जास्त नको, असे मी सुचवतो, आणि लग्नाचे दागिने त्यात धरू नयेत.

ठेवायचे कुठे, हा चेन्नईत विशेष प्रश्न आहे. डिसेंबर २०१५मध्ये चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सुटले, अडयार नदी फुगली आणि शहराच्या दक्षिण भागात तळमजले बुडाले. सोन्याला पाण्याने काही होत नाही, पण बिल आणि तपासणीपत्राचा लगदा होतो. १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. पुरासारख्या आपत्तीत तीही नाही. लॉकर वरच्या मजल्यावरचा मिळतो का ते पाहावे आणि कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत.

कागद महत्त्वाचे यासाठी, की नाण्याला दागिन्याची सवलत नाही. प्राप्तिकर खात्याच्या १९९४च्या सूचनेप्रमाणे छाप्यात विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. त्या सूचनेत दागिने म्हटले आहे, नाणी-लगडी नाहीत. दोन लाखांहून जास्त खरेदी असेल तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला रोख घेता येत नाही. विकताना दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेल्या नाण्याच्या नफ्यावर २३ जुलै २०२४पासून साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट न देता. आईवडिलांकडून आलेले नाणे विकले तर त्यांनी दिलेली किंमत हीच आपली खरेदी किंमत धरतात आणि त्यांनी बाळगलेला काळही आपल्या खात्यात मोजला जातो. १ एप्रिल २००१च्या आधीची खरेदी असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. त्यानंतरचे नाणे असेल आणि बिल सापडले नाही, तर खरेदी किंमत सिद्ध करणे मुलांना अवघड जाते. म्हणून प्रत्येक नाण्याच्या बिलावर ते कुणासाठी घेतले त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव पेनाने लिहून ठेवावे आणि मृत्युपत्रात नाण्यांचे वजन, कस आणि लॉकरचा क्रमांक यांची नोंद करावी.